एअर फ्रायरमधले फ्राईज मऊ पडायचे, आता कुरकुरीत होतात (माझा अनुभव)

आमच्याकडे एअर फ्रायर आल्यापासून एकच रडगाणं, फ्राईज बाहेरून तपकिरी, आतून गिचगिचीत, आणि प्लेटमध्ये पडले की दोन मिनिटांत माना टाकायचे. मशीनला शिव्या घालून झाल्या, पण खरी गोम बटाट्यात होती. फ्रिजमधला बटाटा घ्यायचाच नाही, थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि मग आत शिजायच्या आधीच वरून काळपट होतो. नवा पाणचट बटाटाही नको, भाजीवाल्याकडे चिप्सचा बटाटा मागायचा, चिप्सोना जातीचा मिळाला तर उत्तमच.

बोटभर जाड कापायचे, पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे आणि अर्धा तास गार पाण्यात ठेवायचे. मग उकळत्या पाण्यात मीठ आणि चमचाभर व्हिनेगर घालून पाचेक मिनिटं, व्हिनेगरमुळे काप फुटत नाहीत. आता सगळ्यात महत्त्वाचं, सुती पंचावर पसरून पंख्याखाली अगदी कोरडे करा, हात लावला की खरखरीत लागले पाहिजेत, ओले राहिले तर ते वाफेवर शिजतात, भाजत नाहीत, इथेच सगळं बिघडतं. अर्ध्या किलोला एक टेबलस्पून तेल तरी लागतंच, बिनतेलाचे फ्राईज म्हणजे वाळलेला बटाटा, उगाच डाएटचं नाव नको.

१६० डिग्रीवर १२ मिनिटं, मग २०० वर ७-८, मधे दोनदा हलवून. बास्केट गच्च भरू नका, घरात चार माणसं असली तरी दोन घाण्यांतच करा. वरचं मीठ फ्राईज बाहेर काढल्यावर. पेरीपेरी मसालाही तेव्हाच, आधी टाकला तर करपतो.