दणका बसला, ट्रेंड मात्र सरळ: सर्ज (दाबाची अचानक उसळी) मोजायचा सेन्सर घेताना या चुका टाळा

डिझेलच्या लाइनवर फ्लँजचं गॅस्केट फुटतं, सगळे कंट्रोल रूमकडे धावतात, तर प्रेशरच्या ट्रेंडवर, म्हणजे पडद्यावरच्या आलेखावर, काहीच नाही. मग खापर गॅस्केटवर. आमच्याकडे दोन गॅस्केटं बदलून झाल्यावर एका फिटरने विचारलं, "साहेब, ट्रान्समीटरचं डॅम्पिंग किती ठेवलंय?" दाब मोजून कंट्रोल रूमला कळवणारा ट्रान्समीटर चढउतार गुळगुळीत करण्यासाठी मुद्दाम जो उशीर लावतो, ते डॅम्पिंग. आमच्याकडे ते एक सेकंद होतं.

आता हिशेब बघा. व्हॉल्व्ह झटकन बंद झाला की दाब किती उसळेल, हे जुकोव्हस्कीचं सूत्र सांगतं: घनता गुणिले लाटेचा वेग गुणिले प्रवाहाच्या वेगातली घट. डिझेलची घनता ८३० किलो प्रति घनमीटर, स्टीलच्या पाइपात लाट सेकंदाला साधारण १,२०० मीटर धावते, प्रवाह सेकंदाला २ मीटर. म्हणजे जवळजवळ २० बार, तेही लाइनच्या नेहमीच्या दाबाच्या वर. टाकी १५० मीटरवर असेल तर लाट जाऊन परत यायला पाव सेकंद लागतो, आणि पहिला दणका टिकतो तेवढाच. एवढ्या वेळात एक सेकंद डॅम्पिंगचा ट्रान्समीटर त्या २० पैकी जेमतेम साडेचार बार दाखवतो. त्यात स्काडा, म्हणजे कंट्रोल रूमची संगणक यंत्रणा, दोन सेकंदांनी एकदा वाचणार. तेही हुकलं तर नवल नाही.

डॅम्पिंग शून्यावर आणलं की काम झालं, असं समजू नका. ट्रान्समीटरचा स्वतःचा प्रतिसाद वेळ उरतोच. डेटाशीटमध्ये अचूकतेच्या आधी तो आकडा शोधा. मिलिसेकंदभराचा सेन्सर आणि सेकंदाला हजार नोंदी घेणारा रेकॉर्डर, अशी जोडी हवी.

वेग हवा म्हणून काही जण थेट पिझोइलेक्ट्रिक (दाबाने स्फटिकात चार्ज तयार होणारा सेन्सर) घेतात. तो चपळ खरा, पण त्याचा चार्ज गळत राहतो, त्यामुळे स्थिर दाब त्याला धरता येत नाही. दणका कळतो, तो किती दाबावरून उसळला ते कळत नाही. पाइपलाइनसाठी मी पिझोरेझिस्टिव्हच घेईन; त्यात दाबाने विद्युत रोध बदलतो, त्यामुळे स्थिर दाबही धरता येतो.

चांगला सेन्सर घेऊन तो तीन मीटर इम्पल्स ट्यूबच्या (पाइपपासून सेन्सरपर्यंत दाब नेणाऱ्या बारीक नळीच्या) टोकाला बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. ट्यूबमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी तो स्प्रिंगसारखा दबतो आणि सिग्नल विकृत होतो. सेन्सरचा डायफ्रॅम (दाब झेलणारा पडदा) पाइपाच्या आतल्या भिंतीशी समपातळीत बसवा. स्नबर, म्हणजे सेन्सरच्या तोंडाशी बसवायचा अडथळा, तर नकोच. दणका दाबून टाकणं हेच त्याचं काम.

रेंज ठरवताना उलटी लाट विसरली जाते. दाब बाष्पदाबापर्यंत, म्हणजे द्रवाची वाफ होऊ लागते तिथपर्यंत, पडला की द्रवाचा स्तंभ तुटतो, आणि तो परत जुळताना बसणारा दणका कधीकधी पहिल्यापेक्षा मोठा असतो. गेज रेंजचं शून्य म्हणजे वातावरणाचा दाब, त्यामुळे शून्यापासून सुरू होणाऱ्या गेज रेंजला हा खड्डा दिसत नाही. निर्वातापासून मोजणारी अॅब्सोल्यूट रेंज घ्या.

राहिलं प्रमाणपत्र. नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची (स्फोटक नि ज्वालाग्राही पदार्थांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) मान्यता सेन्सरला आहे, एवढ्यावर थांबू नका. इंट्रिन्सिकली सेफ जोडणीत, म्हणजे ठिणगीनेही वाफ पेटू नये इतकी कमी ऊर्जा ठेवणाऱ्या जोडणीत, सेन्सर, केबल आणि जास्तीची ऊर्जा रोखणारा बॅरियर यांचा हिशेब एकत्र करायचा असतो. २८ व्होल्ट, ३०० ओहमच्या नेहमीच्या बॅरियरला हायड्रोजनच्या गटात फक्त ८३ नॅनोफॅरड धारिता (चार्ज साठवण्याची क्षमता) चालते. मीटरला २०० पिकोफॅरडची केबल धरली, तर सुमारे ४०० मीटरमध्येच मर्यादा संपते, सेन्सरची स्वतःची धारिता वेगळीच. डिझेल-पेट्रोलच्या गटात बरीच जास्त सूट मिळते.

आणि इतकं सगळं करून कोणीतरी साधा लॅपटॉप नि लॉगर उचलून झोन १ मध्ये, म्हणजे नेहमीच्या कामातही स्फोटक वाफ असू शकते अशा जागी, नेतो! रेकॉर्डर बॅरियरच्या सुरक्षित बाजूलाच ठेवा. मध्ये आयसोलेटर (दोन बाजूंचे विद्युत परिपथ वेगळे ठेवून सिग्नल पुढे देणारं उपकरण) असेल तर त्याचाही प्रतिसाद वेळ तपासा; काही आयसोलेटर वेगवान सिग्नल गाळून टाकतात, आणि ट्रेंड पुन्हा सरळच दिसतो.