मॉडेल विमानाचं फोर-स्ट्रोक इंजिन ओढत नसेल तर माळावर जायच्या आधीची जोडणी (टॅपेट थंड इंजिनवर, परत परत सांगतोय)

भावांनो, हे लिहायचं कारण म्हणजे मी हे सगळं एकदा करून बसलोय. माझं ५२ चं फोर-स्ट्रोक, म्हणजे ०.५२ घन इंच, साडेआठ सीसीच्या आसपास, एप्रिलमधे अचानक ओढेनाच. मी सकाळभर नीडल (कार्बोरेटरमधला फ्युएल कमी-जास्त करायचा स्क्रू) पिळत बसलो, लीन (हवेच्या मानानं फ्युएल कमी) करत करत थोडा आवाज चढला म्हणून विमान वर घातलं, आणि कोल्हापूरजवळच्या वडणग्याकडच्या माळावरून उठून वळतंय तोवर गरम होऊन इंजिन बंद. विमान थेट उभ्या उसात. उसाच्या पाल्यात हात चिरून घेत दोन तास शोधलं, पंखाच्या चार रिब गेल्या. बरं, तिथंच शहाणं व्हावं की नाही, तर नाही. दुरुस्त करून पुन्हा गेलो, तर तेच. शेजारी उभ्या असलेल्या एका काकांनी ऐकून सांगितलं, टकटक वाजतंय, टॅपेट बघ. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हचं टोक आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट. ती मोजायची पातळ पाती, म्हणजे फिलर गेज, घरी टेबलावर. मग मी काय केलं, तर इंजिन तापलेलं असतानाच कव्हर उघडून अंदाजानं स्क्रू आवळले, बोटाला खेळ लागेनासा होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॉप (प्रॉपेलर) फिरवला तर कॉम्प्रेशनच (सिलिंडरमधला दाब) नाही, पंखा फिरवल्यासारखा फिरतोय.

म्हणून पहिली गोष्ट, फिलर गेज. आदल्या रात्री डब्यात. पेट्रोल, सॉरी फ्युएल, बॅटऱ्या, रेडिओ चार्जिंग हे कुणी विसरत नाही, ते सांगत बसत नाही. गेज विसरतात. इंजिनासोबत आलेला हरवला असेल तर शिवाजी उद्यमनगरात गाड्यांच्या टूलच्या कुठल्याही दुकानात फिलर गेजचा सेट मिळतो, फक्त त्याची पाती रुंद असतात, रॉकरखाली जात नाहीत, तेव्हा ०.०५ ची आणि ०.१० ची पात कातरीनं अरुंद करून कडा घासून घ्या. ओएस (मॉडेल इंजिनांची कंपनी) च्या इंजिनांना ०.०४ ते ०.१० मिमी गॅप सांगितलेली असते. म्हणजे ०.०५ ची पात सहज गेली पाहिजे आणि ०.१० ची जाता कामा नये, एवढंच लक्षात ठेवा. दुसऱ्या कंपनीचं इंजिन असेल तर त्याचं माहितीपत्रक बघा.

आणि हे घरी करायचं, सकाळी, थंड इंजिनवर. थंड म्हणजे रात्रभर पडून राहिलेलं, “अर्धा तास झाला की” असलं थंड नाही. कारण सांगतो. सिलिंडर आणि हेड ॲल्युमिनियमचं, ते तापलं की चांगलंच वाढतं, पुशरॉड (खालून रॉकर ढकलणारा दांडा) लोखंडी असेल तर तो तेवढा वाढत नाही, त्यामुळे गरम इंजिनात टॅपेटची गॅप मोठी दिसते. ती गरम असताना भरून काढली की इंजिन निवल्यावर गॅप उणे होते, व्हॉल्व्ह सीटवर बसतच नाही, आणि कॉम्प्रेशन पळून जातं. माझं नेमकं हेच झालं. उलट मूळ दुखणं होतं ते जास्त गॅपचं. इनटेकचा लॉकनट ढिला होऊन स्क्रू सरकला होता, ०.३० ची पात आरामात जात होती. गॅप एवढी वाढली की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो आणि उघडतो तोही कमी, मग सिलिंडरमधे माल कमी भरतो. त्यावर तुम्ही नीडल कितीही पिळा, हवाच आत जात नाही तर काय होणार.

बघायची पद्धत: प्लग काढून ठेवा, प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून प्रॉप सावकाश फिरवा, अंगठ्याला दाब लागायला लागला की तोच कॉम्प्रेशनचा स्ट्रोक, तिथून पिस्टन वरच्या टोकाला येईपर्यंत न्या. दोन्ही रॉकर हलके सैल वाटले पाहिजेत. इथं लोक चुकतात, कारण पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो आणि त्यातल्या एका वेळी एक्झॉस्ट मिटत आणि इनटेक उघडत असतो, तिथं गॅप मोजली तर सगळंच चुकीचं. स्क्रू बसवल्यावर लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर परत पात घालून बघा. परत बघा. मी परत बघितलं नव्हतं म्हणूनच मुळात नट ढिला राहिला असणार. हे झालं की प्रॉप चार-पाच फेऱ्या फिरवून पुन्हा एकदा मोजा.

टॅपेट झालं की प्लग बसवून कॉम्प्रेशन ऐका. ग्लो बॅटरी (सुरू करताना प्लग तापवणारी) लांब ठेवा, थ्रॉटल उघडा, प्रॉप कॉम्प्रेशनवर आणून धरून ठेवा आणि कान लावा. मफलरच्या तोंडातून सूं आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आला तर इनटेक, क्रँककेसच्या ब्रीदरमधून (आतली हवा-तेल बाहेर सोडणारी नळी) आला तर पिस्टनची रिंग, आणि प्लगपाशी साबणाच्या पाण्याचे बुडबुडे आले तर प्लग आवळा नाहीतर वॉशर बदला. पाच मिनिटांचं काम आहे, पण आधी टॅपेट, मग हे, नाहीतर चुकीच्या गॅपमुळे गळणारा व्हॉल्व्ह खराब समजून तुम्ही हेड उघडाल. आणि कॅमचं (व्हॉल्व्ह कधी उघडायचा ते ठरवणाऱ्या भागाचं) कव्हर उगीच उघडू नका. उघडलंच तर गिअरच्या खुणा आधी बघून ठेवा, एक दात इकडचा तिकडं झाला की टायमिंग गेलं आणि पॉवरही गेली.

फ्युएल. आपलं फ्युएल मिथेनॉलचं, आणि मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते सांगायला नको. पावसाळ्यात अर्धा भरलेला, झाकण नीट न लावलेला कॅन पुन्हा वापरू नका, निदान एकदा तरी नवीन सीलबंद फ्युएलवर चालवून बघा. मिथेनॉल विषारी आहे, त्याची ज्वाला उन्हात दिसतच नाही, हात भिजले तर लगेच धुवा आणि पोरांना लांब ठेवा.

प्लग फोर-स्ट्रोकचाच पाहिजे, ओएसचा एफ असला की बास. टू-स्ट्रोकचा कुठलातरी घातला की ग्लो बॅटरी काढल्याबरोबर आरपीएम पडतात. नवा प्लग एक जादा ठेवा.

हवा कुठून शिरतेय का ते बघायचं म्हणजे फ्युएलची नळी, टँकमधल्या क्लंकची, म्हणजे टोकाला वजन असलेली फ्युएल ओढणारी नळी (कडक होऊन तडकते, आणि बाहेरून दिसत नाही, टँक उघडावाच लागतो), कार्बोरेटर आणि इनटेक पाइपचे ओ-रिंग, नीडलचा ओ-रिंग, मफलरचा नट. मफलर ढिला झाला की टँकला जाणारं प्रेशर कमी होतं आणि वर नाक केल्यावर इंजिन लीन होतं, जमिनीवर कळत नाही. टँकचा मध्य नीडलच्या जरा खाली असू दे. ब्रीदरच्या नळीतून तेल येतं ते बरोबर आहे, ती कुणी बंद करू नका.

एक गोष्ट कोल्हापूरबद्दल. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहोत, आणि एप्रिल-मेमधे तापमान ३८ च्या पुढं जातं, त्यामुळे हवा पातळ होऊन इंजिनाची ताकद थंडीतल्या कोकण किनाऱ्यापेक्षा दहाएक टक्के कमी असणारच. पण त्यावर खापर फोडून मोकळं होऊ नका. कारण प्रॉपलाही तीच पातळ हवा कापायची असते, म्हणून टॅकोवर (आरपीएम मोजायचं यंत्र) आरपीएम फारसे पडत नाहीत, पडतो तो ओढा. टॅकोवर आकडा पडला असेल तर दुखणं इंजिनात आहे, हवेत नाही. माझं १२×६ च्या प्रॉपवर ९,८०० आरपीएम मारायचं ते ९,००० वर आलं होतं, आणि मी उन्हाला दोष देत बसलो होतो. म्हणून टॅको न्या आणि इंजिन चांगलं असतानाचा आकडा, प्रॉपचा साइज आणि नीडल किती फेऱ्या उघडी होती ते डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. प्रॉप बदललात तर जुन्या आकड्याला अर्थ नाही.

आता माळावर. एकावेळी एकच गोष्ट बदला. प्रॉपचा नट आणि त्यावरचा लॉकनट आवळलेला बघा, फोर-स्ट्रोक लीन असेल तर उलटा झटका देऊन प्रॉप फेकतं, तेव्हा समोर किंवा बाजूला कुणी उभं राहायचं नाही, नीडल मागूनच फिरवायची. फुल थ्रॉटलवर सगळ्यात जास्त आरपीएम सापडली की तिथून नीडल उघडून दोनशे ते तीनशे आरपीएम खाली आणा. मग नाक आकाशाकडं करून धरा, आवाज पडला तर अजून थोडी उघडा. पॉवर कमी वाटतेय म्हणून लीन करायचं नाही, माझं विमान त्यानंच उसात गेलं.

इथंही टकटक वाजलं तर माळावर कव्हर उघडायचं नाही. घरी या, रात्रभर ठेवा, सकाळी टॅपेट. गरम इंजिनवर गेज लावायचाच नाही, कुणी कितीही अनुभवी माणूस सांगू दे.

उडवून झाल्यावर टँक रिकामा करा, नळी काढून इंजिनातलं फ्युएल जाळून संपवा, आफ्टर-रन ऑइलचे थेंब कार्बोरेटरमधून आणि ब्रीदरमधून सोडून प्रॉप फिरवा, नाहीतर बेअरिंग गंजतात. उसाकडून वारा येत असेल तर त्या बाजूला उडवू नका. गेज पुसून डब्यात.