झिंग्यांचं खाद्य घरी कसं बनवायचं: मासळीच्या जागी सोयाबीन आणि कोशाची अळी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मामा (माजी मालगुजारी) तलावात किंवा बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात, रोहू-कटल्यासोबत झिंगे सोडले, की सगळ्यात जास्त पैसा जातो खाद्यावर. त्यातही महाग असते ती मासळीची भुकटी. ती बरीच कमी करता येते, पण पूर्ण बंद करू नका. कात टाकायला झिंग्याला कोलेस्टेरॉल लागतं. ते त्याच्या शरीरात तयार होत नाही आणि ढेपीतही जवळपास नसतं. म्हणून निव्वळ ढेपीवर झिंगे ठेवू नयेत.

आधी माल निवडा. मुख्य प्रथिन सोयाबीनच्या ढेपीचं, म्हणजे डीओसीचं. त्यात साधारण 45 टक्के प्रथिनं असतात. घरचं कच्चं सोयाबीन दळून घालू नका, ते पचत नाही. दुसरा माल आपल्याकडचाच, टसर कोशाची अळी. कोसा उकळून धागा काढला की ती उरते. ती त्याच दिवशी आणून पसरून वाळवा. एक रात्र ओली राहिली तर सडते, आणि तेल भरपूर असल्याने जुनी झाली की खवट होते. बोटांत चुरडून वास घ्या, खवट आला तर टाकून द्या.

सरकीची ढेप घरोघरी असते म्हणून मोह होतो. पण तिच्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, मी ती झिंग्यांना देत नाही. मोहाची ढेप तर अजिबात नको. तळ्यातले नको असलेले मासे मारायला वापरतात ती हीच, तुमचे रोहू-कटलेही मरतील.

10 किलोचं माप असं: डीओसी 3 किलो, वाळलेल्या अळ्या 1 किलो, सुकट (हाच मासळीचा वाटा) 1 किलो, धानाचा बारीक कोंडा 3 किलो, कणीक 1 किलो 800 ग्रॅम, खनिज मिश्रण 200 ग्रॅम. प्रथिनं 30 टक्क्यांच्या आसपास येतात. सुकट घेताना वाळू आणि मीठ पाहून घ्या.

कोरडा माल बारीक दळून चाळा. कणकेची पाण्यात घट्ट खळ शिजवा, तिच्यात सगळं मिसळून भाकरीच्या पिठासारखं मळा. गोळे वीस मिनिटं वाफवून कोमट असतानाच कुरडयांच्या साच्यातून शेवया पाडा. सावलीत, हवेशीर जागी वाळवा. मोडताना कट्कन आवाज आला पाहिजे. बुरशी दिसली तर तो घाणा फेकाच.

आता परीक्षा. चार तुकडे ग्लासभर पाण्यात टाका. झिंगा तुकडा पायांत धरून सावकाश कुरतडतो, त्यामुळे खाद्य दोन तास तरी विरघळता कामा नये. विरघळलं तर खळ वाढवा.

पहिल्या आठवड्यात जुन्या खाद्यात पाव हिस्सा हे मिसळा, मग हळूहळू वाढवा. झिंगे रात्री फिरतात, म्हणून जास्त वाटा संध्याकाळी द्या. थोडं खाद्य दोरीला बांधलेल्या ताटलीत तळाशी सोडा आणि सकाळी ती वर ओढून पाहा. निम्मं उरलं असेल तर त्या संध्याकाळी तेवढं कमी द्या. ताटलीत काचेसारखी कात दिसली तर झिंगे कात टाकताहेत आणि कमी खाताहेत. दोन-तीन दिवस हात आखडता ठेवा.