आदेश आला की डिलीटच्या बटणापासून हात लांब

‘आमची गोपनीय माहिती नेली’ असा दावा जुन्या कंपनीने केला की न्यायालयाच्या आदेशावरून लोकांच्या लॅपटॉपची प्रत काढणं हे माझं काम. नोकरी सोडलेल्या माणसाच्या दारात मी पोचते तेव्हा सोबत वकील असतात, बॅगेत राइट ब्लॉकर (प्रत काढताना मूळ डिस्कवर काही लिहिलं जाऊ न देणारं उपकरण) असतो आणि समोरून पहिलं वाक्य हमखास येतं, ‘मी काही चोरलेलं नाही हो!’ बऱ्याचदा ते खरंही असतं. शेवटच्या आठवड्यात ‘आपलंच काम’ म्हणून अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला आणि विसरून गेले, एवढंच. माणूस गोत्यात येतो तो आदेश वाचल्यानंतरच्या तासाभरात केलेल्या उद्योगांमुळे.

म्हणून सगळ्यात आधी काय करायचं नाही ते सांगते. काहीही पुसायचं नाही. फाइल गेली तरी तिच्या खुणा राहतात. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सिस्टिमच्या आतल्या नोंदवहीत, कोणता पेनड्राइव्ह कधी जोडला याची नोंद असते, उघडलेल्या फायलींचे शॉर्टकट मागे उरतात. एकाने घाबरून सफाईचं सॉफ्टवेअर चालवलं. पुसलेल्या फायली होत्या दोन वर्षं जुन्या दरपत्रकांच्या, कुणाच्या कामाच्या नाहीत. पण सॉफ्टवेअर टाकल्याची वेळ निघाली आदेश मिळाल्यानंतर चाळीस मिनिटांची! पुढे खटला दरपत्रकांचा राहिलाच नाही. फोनवर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर तीही लगेच बंद करा.

मग आदेश वाचा, आणि क्रियापदांखाली रेघ मारा. ‘वापरू नका’, ‘उघड करू नका’, ‘जपून ठेवा’, ‘परत करा’, ‘शपथेवर सांगा’ ही वेगवेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाची मुदत वेगळी असू शकते. ‘प्रती नष्ट करा’ असं लिहिलेलं दिसलं तरी स्वतः सुरुवात करू नका. आधी प्रत कुणी काढायची, कोणासमोर, हे वकिलांकडून ठरवून घ्या. ‘ताबा वा नियंत्रण’ असे शब्द असतील तर त्यात क्लाउड, खासगी मेल आणि घरच्या दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर ठेवलेलंही येऊ शकतं.

आदेश पटला नाही तर तो बदलून मागायचा, तोवर पाळायचा. इंग्लंडमध्ये न्यायालयाच्या अवमानाला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भारतात मनाई हुकूम मोडला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम २अ खाली मालमत्तेची जप्ती आणि ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद.

आगाऊ न कळवता थेट दारात येणारा झडतीचा आदेशही असतो. १९७५ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने अँटन पिलर या जर्मन कंपनीच्या प्रकरणात तो मान्य केला, म्हणून जुने वकील अजून त्याच नावाने ओळखतात. तो पोलिसी वॉरंट नव्हे, दार तुम्हीच उघडायचं असतं. पण नाही उघडलं तर अवमान. तिथल्या नमुना आदेशात वकिलाचा सल्ला घ्यायला थोडा वेळ मिळतो, देखरेखीच्या वकिलाने वाढवून दिला नाही तर जास्तीत जास्त दोन तास. तेवढ्यात कागद हलवायचे नाहीत.

आता तुमच्याकडे असलेल्या कंपनीच्या माहितीची यादी. ती कागदावर करा. फायली उघडू नका, ‘सुरक्षित राहावं’ म्हणून दुसरीकडे कॉपीही करू नका. दोन्हींनी तारखा बदलू शकतात. काय आहे, कुठे आहे, कसं आलं, पुढे कुणाला पाठवलं. लोक विसरतात ते जुना फोन, स्वतःलाच पाठवलेले मेसेज, फोनचा बॅकअप आणि वही. हो, वहीसुद्धा! प्रतिज्ञापत्र याच यादीवरून होतं आणि नंतर सापडलेली एक राहिलेली वस्तू बाकी दहा खऱ्या गोष्टींवर पाणी फिरवते. नव्या कंपनीच्या मशीनवर काही गेलं असेल तर तेही वकिलांना आधीच सांगा. वेमो (गूगलच्या समूहातली विनाचालक गाड्यांची कंपनी) आणि उबरच्या खटल्यात वाद वेमो सोडून पुढे उबरमध्ये गेलेल्या इंजिनिअरने नेल्याचा आरोप असलेल्या १४ हजारांहून अधिक फायलींचा होता आणि २०१७ च्या मे महिन्यात न्यायालयाने फायली परत करण्याचा आदेश दिला तो नव्या कंपनीला, म्हणजे उबरला.

सगळंच मुकाट्याने देऊन टाकावं असंही नाही. तुमचं कसब तुमचंच. फॅसेंडा चिकन या कंपनीच्या खटल्याच्या निकालात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने खरं गुपित आणि कामातून अंगी आलेली माहिती यांत फरक केला होता. पगाराच्या पावत्या, नेमणूकपत्र, घरचे फोटो, वकिलाशी झालेला पत्रव्यवहार वेगळे काढायला सांगा. शब्द ठरवून तेवढ्याच फायली शोधण्याची मागणी करता येते. गैरव्यवहाराचा पुरावा म्हणून कागद ठेवले असतील तर लपवू नका, वकिलांच्या हाती द्या. अमेरिकेच्या व्यापारी गुपितांबद्दलच्या २०१६ च्या कायद्यात संशयित कायदेभंग कळवण्यासाठी सरकारी अधिकाऱ्याला किंवा वकिलाला गोपनीयपणे दिलेल्या माहितीला संरक्षण आहे.

वस्तू देताना पोच घ्या: मेक, सिरियल नंबर, वेळ. प्रत काढून झाली की मी हॅश नावाचा एक लांबलचक आकडा छापून देते. मूळ आणि प्रत तंतोतंत जुळली की दोघांचा आकडा एकच येतो. त्या कागदावर तुमची सही मागेन. सही करण्याआधी दोन्ही आकडे ताडून बघा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. तेवढी ठेवायला कुणाची मनाई नाही.