सहलीत हाड मोडलं तर भरपाई कशी मागायची

कापसाचा पहिला चुकारा हाती आला तसा मायला घेऊन काशी-अयोध्येच्या सहलीला निघालो. प्रवास, मुक्काम, जेवण धरून माणशी १४,००० रुपये. प्रयागराजला बसमधून उतरताना पायरी निसटली, माय खाली आदळली, खुब्याचं हाड मोडलं.

पुरावा तिथंच गोळा करा, घरी येण्याची वाट पाहू नका. मायला ऑटोत बसवून मी परत फिरलो आणि पायरीचा फोटो काढला. एक नट नव्हताच, दुसऱ्याच्या जागी बांधायची तार होती. बसचा नंबर, पाहणाऱ्या दोन बायांचे फोन नंबर घेतले. डॉक्टरांच्या कागदावर ‘बसमधून उतरताना पडल्या’ असंच लिहून घ्या. नुसतं ‘पडल्या’ असलं तर पुढं टूरवाला काहीही म्हणायला मोकळा.

दुसऱ्या दिवशी टूरवाल्यानं ५,००० रुपये पुढे केले, संगं एक कागद: ‘आता काही तक्रार नाही.’ सही करू नका, बाप्पा! ऑपरेशनला किती लागतील हे तेव्हा कोणालाच ठाऊक नसते.

घरी आल्यावर स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा. मी १५ दिवसांची मुदत दिली. त्यात दवाखाना, गाडीभाडं आणि मायची बुडालेली वेचणीची मजुरी, सगळं मांडलं. उत्तर आलं, बस भाड्याची होती. असू द्या, पैसे घेऊन पावती तर टूरवाल्यानंच दिली ना! पुढं तक्रार केली तेव्हा मी बसमालकालाही सामनेवाला केलं, म्हणजे तक्रार त्याच्यावरही लावली.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायची. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात ती चालते. टूरवाला नागपूरचा, पण मी यवतमाळला केली. मुदत २ वर्षं. सहलीला भरलेले पैसे ५ लाखांच्या आत असले तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. अडलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

गाडीची टक्कर झाली असेल तर एफआयआरची प्रत घ्या आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात बसमालक, ड्रायव्हर, विमा कंपनीवर दावा लावा. तिथं कायद्यात मुदत फक्त ६ महिन्यांची आहे, म्हणून लगेच हला.

आणि मेडिकलच्या बिलांची त्याच आठवड्यात झेरॉक्स काढा. त्या गुळगुळीत कागदावरची शाई उन्हाळ्यात उडते. माझी दोन बिलं कोरी निघाली, २,३०० रुपयांची.