बिग बँगची सिंग्युलॅरिटी टाळणारी मॉडेल्स शिकताना या चुका टाळा

बिग बँगची सिंग्युलॅरिटी म्हणजे जिथे घनता आणि वक्रता अनंत होते आणि इक्वेशन्स बंद पडतात तो क्षण. लूप क्वांटम कॉस्मॉलॉजी, म्हणजे जागाच दाणेदार धरून विश्वाची सुरुवात मांडणारी थिअरी, शिकायला घेतली की पहिल्याच आठवड्यात एक वाक्य तोंडात बसतं, "स्पेस दाणेदार आहे म्हणून सिंग्युलॅरिटी होत नाही". मी पण बरेच दिवस हेच सांगत होतो. वाक्य चूक नाहीये, पण अर्धवट आहे आणि बाकीच्या बऱ्याच चुका त्यातूनच येतात.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे क्वांटम केलं की सिंग्युलॅरिटी आपोआप जाते. नाही जात! अख्ख्या विश्वाला क्वांटम नियम लावणारं व्हीलर-डिविट इक्वेशन १९६७ पासून आहे, ते पण क्वांटमच आहे. आपल्या शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर, पावलोव्हस्की आणि परमप्रीत सिंग या तिघांनी २००६ मध्ये सपाट विश्व घेतलं, त्यात वस्तुमान नसलेलं एक स्केलर फील्ड (प्रत्येक बिंदूला फक्त एक संख्या असलेलं) टाकलं आणि त्यालाच घड्याळ धरलं. व्हीलर-डिविटने चालवलं तर वेव्ह पॅकेट (विश्वाची क्वांटम अवस्था) सरळ सिंग्युलॅरिटीत जाऊन पडतं, लूपवाल्या इक्वेशनने चालवलं तर अलीकडेच थांबून मागे फिरतं, म्हणजे बाउन्स. मॅटर तेच, घड्याळ तेच, फरक फक्त भूमिती कशी क्वांटम केली त्यात. म्हणून कुठलंही मॉडेल वाचताना आधी शोधा की नक्की कुठली राशी मर्यादित राहिली आणि कशामुळे.

इथे ती राशी आहे वक्रता. वक्रता मोजायची तर एक बाण दिशा न बदलता छोट्या चौकटीभोवती फिरवून आणायचा, परत आल्यावर किती वळला ते बघायचं आणि चौकटीच्या क्षेत्रफळाने भागायचं. आइनस्टाइनच्या थिअरीत चौकट शून्यापर्यंत लहान करता येते, लूपमध्ये क्षेत्रफळाला सगळ्यात लहान अशी एक किंमत आहे, त्याखाली जाताच येत नाही. त्यामुळे इक्वेशनमध्ये वक्रतेच्या जागी साइन येतो, साइन १ च्या वर जात नाही, आणि घनतेला पण छत मिळतं, प्लँक घनतेच्या (क्वांटम गुरुत्वाच्या स्थिरांकांतून येणाऱ्या प्रचंड घनतेच्या) साधारण ०.४१ पट. मला हा सगळा विषय या एका पायरीसाठी आवडतो, ती घाईत वाचू नका.

बाउन्स होतो म्हणजे मॅटर काहीतरी विचित्र वागत असणार, निगेटिव्ह प्रेशर वगैरे, असं खूप जण धरून चालतात. पण या स्केलर फील्डचं प्रेशर घनतेइतकंच असतं, चक्क पॉझिटिव्ह. गुरुत्वामुळे मार्ग कसे एकवटतात ते सांगणारं १९५५ चं रायचौधुरी इक्वेशन आणि त्यावर उभी राहिलेली, सिंग्युलॅरिटी टळत नाही म्हणणारी पेनरोज-हॉकिंगची प्रमेयं खोटी पडत नाहीत, फक्त त्यांनी धरलेली आइनस्टाइनची इक्वेशन्स त्या घनतेला लागू राहत नाहीत.

आता कोड, कारण इथेच लोकांचे दिवस वाया जातात. सुधारलेल्या फ्रीडमन इक्वेशनमध्ये (घनतेवरून विश्व किती वेगाने फुगतं ते सांगणाऱ्या) नेहमीच्या घनतेला १ वजा घनता भागिले कमाल घनता याने गुणलेलं असतं, आणि आपण काय करतो, हबल रेट (विश्व फुगण्याचा दर, आकुंचनात ऋण) काढायला वर्गमूळ घेतो, मायनस चिन्ह लावतो आणि सॉल्व्हर सोडून देतो. मग घनता कमाल किमतीला जाऊन चिकटते आणि ग्राफ सपाट, किंवा ती जराशी वर गेली की वर्गमूळात ऋण संख्या येऊन सगळं बंद. माझा एक अख्खा वीकेंड यात गेला, स्टेप कितीही लहान केली तरी फरक पडेना, कारण घोळ स्टेपमध्ये नव्हताच. बाउन्सला हबल रेट शून्य होऊन चिन्ह बदलतो आणि वर्गमूळाला ते बदलायचंय हे कळत नाही. उपाय सोपा आहे, हबल रेटच्या बदलाचं इक्वेशन चालवा, त्यात १ वजा दुप्पट घनता भागिले कमाल घनता असा गुणक येतो, म्हणजे अर्ध्या कमाल घनतेच्या वर चिन्ह उलटतं आणि हबल रेट शून्यातून गुळगुळीत पलीकडे जातो. फ्रीडमन इक्वेशन फेकू नका, प्रत्येक स्टेपला चेक म्हणून वापरा. याच फील्डसाठी अचूक उत्तर पण आहे, बाउन्सपासून वेळ मोजला तर घनता म्हणजे कमाल घनता भागिले १ अधिक वेळेच्या वर्गाच्या प्रमाणातली एक संख्या, त्याच्याशी ग्राफ जुळवून बघा.

जुने पेपर वाचताना तारीख बघा. लूप कॉस्मॉलॉजी सुरू करणाऱ्या बोजोवाल्डचं २००१ चं काम पायाभूत आहे, पण सुरुवातीच्या स्कीममध्ये भूमितीच्या इक्वेशनमधली स्टेप (सॉल्व्हरची नव्हे) ठरावीक असायची आणि बाउन्सची घनता फील्डच्या मोमेंटमवर अवलंबून राहायची, म्हणजे मोमेंटम पुरेसा मोठा घेतला तर पाण्याच्या घनतेला पण विश्व उसळी घेईल! ते २००६ मध्येच सुधारलं, त्यामुळे दोन्ही स्कीमची सूत्रं एकत्र करू नका.

हार्टल-हॉकिंगचं १९८३ चं नो-बाउंडरी मॉडेल पण यात मिसळू नका, तिथे सुरुवातीला काळच जागेसारखा होतो, "आधी" असं काही नसतं, बाउन्समध्ये मात्र आधीचं आकुंचन पावणारं विश्व असतं.

आणि ०.४१ हा कोणी मोजलेला आकडा नाही. तो इमिर्झी पॅरामीटर (लूप थिअरीत सगळ्यात लहान क्षेत्रफळ ठरवणारी संख्या) ०.२३७५ धरून येतो, तो पॅरामीटर ब्लॅक होलच्या एन्ट्रॉपीच्या हिशोबातून घेतलाय. त्यामुळे रिपोर्टमध्ये ०.४१ लिहाल तिथेच शेजारी इमिर्झीची किंमत पण लिहा.