बंद खोलीतली रहस्य-मांगा: आधी खोली, मग माणसं

मांगा म्हणजे जपानी धाटणीची चित्रकथा. बंद जागेतल्या मानसिक रहस्यकथेत पात्रं खोटं बोलतात, आठवणी दगा देतात; वाचकाला भरवसा ठेवायला उरते ती फक्त खोली. तीच पानागणिक बदलत राहिली, तर वाचक घाबरत नाही, नुसता गोंधळतो. म्हणून पहिलं काम खोलीचा नकाशा.

चार बाय तीन मीटरची खोली १:२० प्रमाणात २० बाय १५ सेंटिमीटर होते, ए-४ कागदावर आरामात मावते. दार कुठल्या बाजूला उघडतं, बिजागऱ्या कुठे, दिवा कुठे, सगळं मांडा. पात्रांसाठी सव्वादोन सेंटिमीटर रुंदीचे पुठ्ठ्याचे तुकडे कापा, म्हणजे खांद्यांची रुंदी बरोबर येते. प्रसंग बदलला की तुकडे सरकवा आणि फोटो काढून ठेवा. पात्रं पाचापेक्षा जास्त नकोत. काळ्यापांढऱ्या चित्रात ती केसांवरून आणि बाह्याकृतीवरून ओळखू यायला हवीत: एकाचे केस ठार काळे, दुसऱ्याचे कोरे, तिसऱ्याचे टोन (राखाडी छटेसाठी लावायचे बारीक ठिपके) लावलेले.

दुसऱ्या कागदावर वेळेचा तक्ता. प्रत्येक पात्राच्या प्रत्येक घरात तीन नोंदी करा: ते काय करतंय, त्याला काय ठाऊक आहे, ते काय लपवतंय. गोष्टीतला सगळा ताण तिसऱ्या नोंदीतून येतो, तिथे घाई करू नका. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९ साली मांडलेल्या रहस्यकथेच्या नियमांत एकापेक्षा जास्त चोरवाट नको, असं म्हटलं आहे. बंद खोलीच्या गोष्टीत ती एकही नसलेलीच बरी.

आता दृष्टिकोन. चित्र सोपं व्हावं म्हणून समोरची भिंत काढून बाहेरून खोली दाखवायचा मोह होतो. तसं केलं की जागा प्रशस्त दिसते आणि कोंडलेपण संपतं. डोळा कायम चार भिंतींच्या आत ठेवा. पात्रं जमिनीवर बसली असतील तर क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी, साधारण ७५ सेंटिमीटर उंचीवर घ्या. मग उभं राहिलेलं माणूस आपोआप अंगावर येतं. समोरासमोर बोलणाऱ्या दोघांमधली काल्पनिक रेषा मध्येच ओलांडलीत, तर डावीकडचा उजवीकडे जातो आणि वाचकाला दोघांनी जागा बदलली असं वाटतं.

कच्च्या आराखड्याला, म्हणजे जपानी चित्रकारांच्या ‘नेम’ला, हात घालण्याआधी वाचनाची दिशा ठरवा. जपानी मांडणीत जोडपानाची शेवटची चौकट डाव्या पानावर खाली डावीकडे येते. मराठी मांडणीत उजव्या पानावर खाली उजवीकडे. प्रश्न तिथे ठेवायचा, धक्का पान उलटल्यावर पहिल्याच चौकटीत. एका दिशेने काढून नंतर चित्रं आरशासारखी फिरवू नका: उजवा हात डावा होतो, बिजागऱ्या बाजू बदलतात, आणि तुमचाच पुरावा खोटा पडतो.

पुरावा उलगड्याआधी दोनदा दिसायला हवा, पण मोठ्या चौकटीत नको. एकदा पार्श्वभूमीत, एकदा कुणाच्या तरी साध्या हालचालीत. जवळून दाखवलेली वस्तू वाचक लगेच टिपतो, म्हणून तो मान फसव्या धाग्याला द्या. चित्र मात्र खोटं बोलू नये. भ्रम किंवा चुकीची आठवण दाखवायची असेल तर चौकटीची रेघ वेगळी ठेवा, उदाहरणार्थ हाताने ओढलेली, थोडी थरथरती, आणि ती खूण शेवटपर्यंत पाळा. नाहीतर उलगडा झाल्यावर वाचकाला फसवणूक झाल्यासारखं वाटतं, आणि ते रास्तच आहे.

मराठी फुगे जपानी फुग्यांसारखे उभे, अरुंद चालत नाहीत. शब्द मध्येच तुटतात. ते आडवे घ्या, एका ओळीत तीन-चार शब्द, आणि वेलांट्या-उकार एकमेकांत अडकू नयेत एवढं ओळींत अंतर सोडा. फुग्यांची जागा चित्राआधी आखा, म्हणजे पुरावा झाकला जाणार नाही.

काळा रंग जपून. काळ्या पार्श्वभूमीवर काळे केस आले तर मध्ये बारीक पांढरी कड सोडा, नाहीतर डोकंच नाहीसं होतं. डिजिटल पान ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) करा आणि टोन लावल्यावर पानाचा आकार बदलू नका. ठिपक्यांत नको असलेली नक्षी उमटते.

शाई लावण्याआधी पेन्सिलचा आराखडा गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला वाचायला द्या. वाचून झाल्यावर त्याला खोलीचा नकाशा काढायला सांगा. दार चुकीच्या भिंतीवर आलं, तर त्याला ते पहिल्यांदा कुठल्या पानावर दिसलं हे विचारा आणि दुरुस्ती तिथूनच सुरू करा.